तीन धारांचं सॉफ्टवेअर

बारामतीत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, एकटी बाई राहणार म्हटल्यावर जे शंभर प्रश्न येतात त्यातला एकही विचारला नाही. ते म्हणाले, "जरा जिना चढून दावा."

मी चढले.

"आता उतरा."

मी उतरले. माझ्या तोंडाकडं त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं, सगळं लक्ष पायांकडं. मग आत मान वळवून ओरडले, "टाच आपटत न्हाय गं! चालंल!" आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अवो, भाडेकरू हाय ती, म्हस न्हवं. बसायला तरी सांगा तिला." अशा रीतीनं मला खोली मिळाली. माझा स्वभाव तापट. दुसऱ्या कुणी मला असं जिन्यावर खालीवर केलं असतं तर चार शब्द सुनावून मी तिथूनच रिक्षा पकडली असती. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका निखळ कामाचा भाव होता की रागवायचं राहूनच गेलं.

सगळी गल्ली त्यांना तात्या म्हणायची आणि त्यांच्या बायकोला आक्का. तात्यांचा जन्म गेला एका दूध संघात. जनावरं तपासायची, विम्यासाठी त्यांच्या कानात बिल्ले मारायचे आणि कागदावर त्यांचं वर्णन लिहायचं: रंग कसा, शिंगांची ठेवण कशी, शेपटीचा गोंडा पांढरा की काळा, चालताना कुठला पाय ओढते. निवृत्त झाल्यावर बारामतीच्या कडेला घर बांधलं, मागं एक म्हैस ठेवली, वरची खोली मला दिली. पण डोळा काही निवृत्त झाला नाही. म्हैस एकदा बघितली की ती त्यांच्या डोक्यात कायमची बांधली जायची. रस्त्यानं जाताना मधेच थांबून म्हणायचे, "ही वडगाव निंबाळकरची. दोन वर्सामागं तिला गोचिडाचा ताप आला हुता." मी म्हणायची, असेल बापडी.

माणसं मात्र त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. अजिबात नाहीत. थट्टा नव्हे. इंदापूरला एका पुतण्याच्या लग्नात ते गर्दीतून पुढं घुसले आणि नवरदेव समजून बँडच्या मास्तरला टॉवेल-टोपीचा आहेर करून, डोक्यावर अक्षता टाकून परत आले. मास्तर भला माणूस, त्यानं वाकून नमस्कारही केला. "झगमगीत कपडे त्याच्याच अंगावर हुते," तात्यांचं म्हणणं. मला ते पायांच्या आवाजावरून ओळखत. एकदा माझा पाय मुरगळला आणि मी लंगडत फाटकातून आत आले, तर पायरीवर बसलेले तात्या उठून उभे राहिले. "कोण पायजे?"

"तात्या, मी! वरची!"

"मग तशी चाला की नीट. उगं घोटाळा करताय."

वर मलाच दटावणी. विचारलं तर म्हणायचे, "माणसाला शिंगं न्हाईत, मॅडम. समदी सारकी. त्यात बाया दर खेपंला साडी बदलत्यात. वळखायचं कसं?"

अशा माणसाला घरच्या फोटोंची व्यवस्था लावायची हुक्की यावी, हा योगच म्हणायचा. झालं असं की त्यांचा धाकटा मुलगा कळस गावी शेती बघतो, त्याचा फोन कॅनॉलमध्ये पडला आणि फोनाबरोबर नातवाचं बारसं गेलं. एकही फोटो राहिला नाही. त्यातच तात्यांची पंचाहत्तरी जवळ आलेली. पोरांनी ठरवलं की कळसला घरापुढं मांडव घालायचा, पाहुणे बोलवायचे आणि पडद्यावर सगळ्या घराण्याचे फोटो दाखवायचे. तात्या म्हणाले, "दावा. पर कोण कुठला ते खाली लिवलेलं पायजे. मला बी कळलं पायजे माझ्या घरात कोण कोण हाय."

आणि मी वर राहणारी, माझ्याकडं लॅपटॉप. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, सॉफ्टवेअरशी माझा संबंध तात्यांच्या म्हशीशी जितका तितकाच, हे मी जीव तोडून सांगितलं. "आकडं तर आकडं," ते म्हणाले. "संगणकात काय दुसरं भरलंय?"

घरातल्या सगळ्या फोनांमधले फोटो त्यांच्या जुन्या संगणकात ओतले तेव्हा आम्हा दोघांनाही घाम फुटला. निम्मे तर सुप्रभाताचे गुलाब. मग उसाच्या ट्रॉल्या, काट्याच्या पावत्या, औषधांच्या बाटल्यांच्या मागच्या बाजू, कुणाचा तरी सुजलेला अंगठा. एकच जावळाचा फोटो पाच जणांनी एकमेकांना पाठवलेला, म्हणून पाच वेळा. त्यात पाठवलेल्या फोटोंवर तारीख पडते ती फोन ठरवील ती. तात्यांच्या वडिलांचा फेट्यातला जुना फोटो मुलानं मागच्या श्रावणात पाठवला होता, तर संगणक म्हणाला, हा मागच्या श्रावणातला. तात्या खवळले. "म्हंजे आमचा बाप माझ्या मागनं जन्मला व्हय?"

मी म्हटलं, चांगलं सॉफ्टवेअर घेऊ, ते चेहरे ओळखतं, एकासारखे एक फोटो वेगळे काढतं. चेहरे ओळखतं म्हटल्यावर ते एकदम सरसावून बसले. "कुणाचं बी? ल्हानपणीचं बी?"

तेव्हा मला कळलं की बारसं आणि पंचाहत्तरी हे सगळं वरवरचं. खरं कारण भिंतीवर होतं.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक काळा-पांढरा फोटो होता. सुप्याच्या शाळेतला, आक्कांच्या माहेरचा. बक्षीस समारंभ. परकर-पोलक्यातली एक सात-आठ वर्षांची पोर फेटेवाल्या पाहुण्यांच्या हातून पितळेचा पेला घेतेय, मागं गुरुजी, बाजूला टाळ्या वाजवणारी पोरं. आक्का म्हणायच्या, ही मी. आक्कांची धाकटी बहीण शकूमावशी, दोघींत जेमतेम दीड वर्षाचं अंतर, ती म्हणायची, ही मी. हे भांडण माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होतं. दर दिवाळीला शकूमावशी यायची, फराळाची ताटं पुढं यायची, चकलीचा पहिला तुकडा मोडायच्या आत तिची नजर भिंतीवर जायची आणि सुरू. दोघींची आई केव्हाच गेलेली, गुरुजी गेलेले. सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मला आधी गंमत वाटायची. मग हळूहळू लक्षात आलं की शकूमावशीला हा फोटो गेला तरी फार काही जाणार नव्हतं. ती शिकली, शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तिच्या घरी असले फोटो भिंत भरून. आक्कांना चौथीतून काढलं, धाकटा भाऊ सांभाळायला घरी बसवलं आणि पुढं लग्न. त्या शाळेत गेल्या होत्या, हुशार होत्या, याची जगात एवढीच एक खूण. तीही बहीण मागत होती.

आणि दर दिवाळीला भांडण रंगात आलं की आक्का नवऱ्याकडं वळायच्या. "तुमी सांगा. ही मी का न्हाय?" तात्या उठून फोटोजवळ जायचे, चष्मा वर-खाली करायचे, आणि दर दिवाळीला तेच उत्तर. "मला न्हाय सांगता येत."

"चाळीस म्हशीत आपली कंची ते लांबनं सांगता. आन बायकू वळखत न्हाय?"

दुसरा कुणी असता तर बायकोच्या सुखासाठी म्हणाला असता, तूच गं बाई, आणि विषय संपवला असता. तात्यांना ते जमणं शक्य नव्हतं. शकूमावशीच्या नवऱ्याची, म्हणजे त्यांच्या सख्ख्या साडूची, एक गाय मेली होती. विमा नव्हता. त्यानं विमा असलेल्या गाईच्या कानातला बिल्ला काढून मेलेलीच्या कानात घातला आणि तात्यांना बोलावलं, घरचाच माणूस म्हणून. तात्यांनी गाईभोवती एक फेरी मारली आणि कागदावर लिहिलं: बिल्ला खरा, गाय दुसरी. पुढच्या दोन दिवाळ्या शकूमावशी आली नाही. ते सगळं पुढं निवळलं, पण तात्यांना त्यात काही चुकल्यासारखं कधी वाटलं नाही.

असा माणूस जिन्याच्या तळाशी उभा राहून मला म्हणाला, "मॅडम, ह्या फोटूचा निकाल लागला पायजे. आन खरा लागला पायजे." मग खाली बघत, "तिच्याकडनं लागला तर बरं हुईल."

भिंतीवरचा फोटोही मी मोबाइलवर टिपून संगणकात घातला. आता सॉफ्टवेअर निवडायचं कसं? मी चार नावं काढली, गुण-दोष सांगायला लागले. तात्यांनी हात वर केला. "म्हस घेताना मालक काय सांगतुय त्यावर घ्यायची न्हाय. त्याच्या दारात बसायचं. सांजची धार, सकाळची धार, परत सांजची धार. तीन धारा आपल्या डोळ्यानं बगायच्या. पयल्या धारंला समद्याच म्हशी दूध देत्यात, मालकानं तुंबवून ठेवलेलं आसतंय." त्यामुळं प्रत्येक सॉफ्टवेअरच्या तीन धारा निघाल्या. संध्याकाळी मी कॉलेजातून आले की एक, सकाळी जायच्या आधी दुसरी, पुन्हा संध्याकाळी तिसरी. सुरू करण्याआधी ते संगणकाच्या पाठीवर थोपटायचे. मागं मात्र कुणाला उभं राहू द्यायचे नाहीत. "मागनं येऊ ने. बिचकतंय." मी एकदा चिडून म्हटलं, "तात्या, त्याला पाय नाहीत!" तर म्हणाले, "वायरी हाईत की."

पहिल्या सॉफ्टवेअरनं पहिल्याच धारेला कमाल केली. घरात सगळ्यात जास्त फोटो कुणाचे, तर म्हणालं, या गृहस्थांचे. गृहस्थ होते आमच्या गल्लीतले एक भावी नगरसेवक. लग्न असो, दहावीचा निकाल असो, नाहीतर बोअरचं पाणी लागलेलं असो, चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर हात जोडून उभे. घरच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या फोटोत मागं फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर ते. सॉफ्टवेअरला वाटलं, हाच कर्ता पुरुष. तात्या बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो आमच्यातला न्हाय. पक्कं का?" मी म्हटलं, पक्कं. पण याच सॉफ्टवेअरनं दुसऱ्या धारेला शाळेचा फोटो दाखवून विचारलं, ही आक्का का? आक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा खुलला, लगेच चहा टाकायला आत गेल्या, साखर जास्त पडली. तात्यांनी तो गोड चहा संपवला आणि मला हळूच म्हणाले, "न्हाय चालायचं. फ्लेक्सवरल्याला घरात घेतंय, त्याचं काय खरं धरायचं? आज आपल्या बाजूनं खोटं बोलंल, उद्या दुसऱ्याच्या." काढून टाकलं. आक्कांना सांगायचं काम माझ्यावर. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

दुसरं सॉफ्टवेअर दिमाखदार होतं. फोटो आपल्या संगणकात नाही, दूर कुठंतरी त्यांच्याकडं ठेवायचे, दरमहा भाडं द्यायचं. मी त्याचे फायदे सांगितले: घर जळालं तरी फोटो सुरक्षित, पुण्यात राहणाऱ्या थोरल्या मुलालाही दिसतील. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे म्हस आपली, दावण त्येंची, वैरणीचं पैसं आपलं, आन भाडं थकलं की म्हस त्येंची?" अगदी तसंच नाही, असं मी म्हणणार होते, पण बरंचसं तसंच होतं. त्याची एकच धार निघाली.

तिसरं साधं होतं. फुकट, दिसायला ओबडधोबड, पण आपल्याच संगणकात राहणारं. सुरुवातीला नुसतं गुरगुरत बसलं, पंखा फिरतोय, काही दाखवत नाही. तात्या म्हणाले, "रवंथ करतंय. करू दे." सकाळी बघितलं तर काम केलेलं. गुलाब एका बाजूला काढलेले, पाचाचं एक केलेलं. फ्लेक्सवरचे गृहस्थ वेगळे काढून विचारलेलं, याला दुर्लक्षित करू का? तात्यांनी बटण इतक्या जोरात दाबलं की माउस उडाला. त्यांच्या दोन जुळ्या नाती आहेत, सख्ख्या आईची गफलत होते, त्या दोघी वेगळ्या ओळखल्या. मग त्यानं एकेक चेहरा दाखवून नावं विचारली आणि तात्या पहिल्यांदाच आपल्या घरातली माणसं सावकाश बघत बसले. "ह्यो धाकट्याचा मेव्हणा व्हय? अरं तिच्या! मी ह्येला येवढी वर्सं दूधवाला समजत हुतो." तो बिचारा येताना दर वेळी दुधाची किटली घेऊन यायचा म्हणे.

तिसऱ्या धारेला त्यानं शाळेचा फोटो काढला. शेजारी दुसरा एक फोटो ठेवला, दोन वेण्यांची, छातीशी पुस्तकं धरलेली तरुण शकूमावशी. आणि विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का?

मी घाईघाईनं म्हटलं, "तात्या, हा अंदाज असतो. शंभर टक्के कधीच नसतं. बहिणी आहेत, चेहरेपट्टी एक असणार. मी शिकवते ना, मला माहितेय, यात चूक…"

"जुळ्या वळखल्या का न्हाय त्यानं?"

"ओळखल्या."

"मग?" ते खुर्चीत मागं टेकले. "सॉफ्टवेअर चांगलं हाय, मॅडम. हीच तर आडचण हाय."

मला वाटलं, आता हा माणूस निदान चार दिवस घेईल, शब्द जुळवेल. छे! ते उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग धावले. आक्का मेथी निवडत होत्या.

"शकूबाई हाय ती," तात्या म्हणाले.

आक्कांनी मान वर केली नाही. "मला ठाव हाय."

"तुला ठाव हाय?"

"मी तितं नव्हतेच, तर फोटूत कुठनं येईन?"

मी पाट ओढून बसले. आक्का मेथीची पानं खुडत, अगदी सहज, कुणाचं तरी सांगावं तसं सांगत होत्या. तिसरीत त्यांचा पहिला नंबर आला होता. बक्षीस समारंभाच्या दिवशी धाकटा भाऊ तापानं फणफणलेला, आई खुरपायला गेलेली, मोठीनं घरी थांबायचं. मग आईनं शकूला आक्कांचं नवं पोलकं घातलं आणि सांगितलं, शाळेत जा, आक्काचं नाव पुकारलं की उठ आणि देतील ते घेऊन ये.

"हौसाबाई गेनबा म्हणून पुकारलं. त्ये माझं म्हायेरचं नाव. लग्नात बदललं ह्यांच्या घरच्यांनी, सुमन केलं. ती उठली. बगा की फोटूत, पोलक्याच्या बाह्या पार मनगटापातूर आल्यात तिच्या."

मी पळत जाऊन बघितलं. खरंच होतं. पोलकं खांद्यावरून ओघळत होतं. इतकी वर्षं सगळ्यांनी तोंडच बघितलं होतं.

"मग भांडलात कशाला आक्का? सांगायचं की हे!" माझा आवाज चढला. मला राग आला होता, आणि तो कुणाचा ते कळत नव्हतं.

"काय सांगायचं? बक्षीस माझं, तोंड हिचं? त्या दिवशी ती न घाबरता गेली, गुर्जी आमच्या बाला म्हनले, ही पोर धीट हाय, हिला शिकवा. मग तिला शिकिवली. आता म्हातारपणी तिला सांगू, तुझं शिक्षान माझ्या नावावर सुरू झालं म्हणून? वाईट वाटंल तिला." मेथीची जुडी संपली होती, त्या नुसत्याच काड्या खुडत होत्या. "ही मीच म्हणून भांडलं की झालं. भांडान सोपं आसतंय. एकदा माझं नाव यावं त्या फोटूखाली, येवढंच वाटायचं."

तात्या माझ्याकडं वळले. मग मला विचारलं, "एका तोंडाला दोन नावं घालता येत्यात का त्याच्यात?"

"नाही, तात्या. एकाला एकच."

"मग काय कामाचं," ते म्हणाले आणि मागच्या दारानं गोठ्यात निघून गेले.

आक्का म्हणाल्या, "तिचंच लिवा. खोटं कशाला?" आणि शकुंतला असं नाव पडलं. त्या फोटोच्या वेळी पडद्यापुढं बसू नये असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं, पण माझ्या ठरवण्याला त्या घरात कधी किंमत नव्हती. पडदा चालवायचं काम माझ्याकडंच होतं.

कळसला मांडव खचाखच भरला. तात्यांना खुर्चीत बसवून शाल पांघरली, मांडीवर नारळ दिला. आक्कांना शेजारी बसा म्हटलं तर "माझी हाय का पंचाहत्तरी?" म्हणून त्या खाली सतरंजीवर बायकांत जाऊन बसल्या. फोटो सुरू झाले. प्रत्येक फोटोखाली नाव, आणि प्रत्येक नावाला हशा. दूधवाल्या मेव्हण्याला टाळ्या पडल्या. आणि मग सुप्याची शाळा आली. खाली ठळक अक्षरांत शकूमावशीचं नाव.

मी शकूमावशीकडं बघितलं. ती पुढच्याच खुर्चीत होती. आता ही उड्या मारणार असं मला वाटलं. ती चष्मा पुसत होती. मग उठली, पोराच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाली, "हे नाव चुकलंय."

तात्या खुर्चीतून अर्धे उठले. "चुकलं न्हाय. तीन धारा काढल्यात."

"तोंड माझंच आहे, तात्या. ते बरोबर. पण त्या दिवशी पाहुण्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी सहा-सात वर्षांची होते, मला एवढंच कळलं की टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. पेला घरी आणला तो मी कुणाला हात लावू दिला नाही. पुढं मास्तरीण झाले, पोरांची नावं पुकारायला लागले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. आणि मग कुठल्या तोंडानं बोलू? भांडत राहिले. भांडत असलं की कुणी काही विचारत नाही."

शकूमावशीनं गळा साफ केला. आणि मग चाळीस पोरांचा वर्ग ज्या आवाजानं गप्प व्हायचा त्या आवाजात, प्रत्येक अक्षर सुटं करत, पुकारलं, "इयत्ता तिसरी. प्रथम क्रमांक. कुमारी हौसाबाई गेनबा," आणि पुढं माहेरचं आडनाव.

सतरंजीवर आधी काही हललं नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, ही हौसाबाई कोण? त्यांना आक्का ठाऊक, सुमन ठाऊक. आणि मग आक्का उठल्या. शेजारणीच्या गुडघ्यावर हात टेकून, पदर सावरून, बायकांमधून वाट काढत पुढं गेल्या. शकूमावशीच्या हातात द्यायला काहीच नव्हतं. तिनं इकडंतिकडं बघितलं, तात्यांच्या अंगावरची शाल ओढून घेतली, मांडीवरचा नारळ उचलला आणि वाकून बहिणीच्या हातात दिला. पंचाहत्तरीचा उत्सवमूर्ती नुसत्या सदऱ्यावर राहिला. पहिली टाळी त्यानंच वाजवली, आणि लगेच माझ्यावर खेकसला, "मॅडम, फोटू काढा की! बगताय काय!"

मी रडत होते. तरी काढला.

पुढच्या आठवड्यात तो फोटो आम्ही संगणकात घातला. आक्का शेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या. सॉफ्टवेअरला चेहरा सापडला, त्याच्याभोवती चौकोन आला आणि नेहमीसारखा प्रश्न आला, ही आक्का का, की नाव बदलायचं? तात्यांनी एक बोट पुढं केलं आणि आक्कांकडं बघितलं. "काय लिवू?"

"सरका," आक्का म्हणाल्या. "मी लिवती."

तात्या उठले, जागा दिली आणि मागं, कुणाला उभं राहू देत नसत तिथं जाऊन उभे राहिले. आक्कांनी चष्मा लावला. एकेक अक्षर शोधायला वेळ लागत होता. मी सांगायला लागले तर तात्यांनी हातानंच मला गप्प केलं. हौसाबाई झालं. मग बापाचं नाव सुरू झालं. बाहेर अंधारून आलं होतं, धारेची वेळ टळून गेली होती, गोठ्यात म्हैस हंबरायला लागली.

"थांब की जरा!" तात्या तिकडं न बघता ओरडले.